कसूतीची उलटतपासणी

आमच्या पिढीच्या मराठी घरांतून दिवाणखान्याच्या दारावर एक चौकट हटकून टांगलेली असे. काचेच्या आत मॅटीच्या कापडावर फुल्याफुल्यांनी भरलेले 'सुस्वागतम्', त्याच्या दोहो बाजूंस एकमेकांकडे तोंड केलेले दोन हिरवे पोपट, आणि खाली कोपऱ्यात भरणारीच्या नावाचे आद्याक्षर. बेळगावच्या आमच्या घरातही अशी चौकट होती. दोन वर्षांपूर्वी घराला रंग देण्याच्या निमित्ताने ती खाली उतरविली, तेव्हा मागचा पुठ्ठा वाळवीने पोखरलेला निघाला, आणि तो दूर करताच त्या कापडाची पाठ आयुष्यात प्रथमच माझ्या दृष्टीस पडली. समोरून इतके शहाण्यासारखे बसलेले ते पोपट मागून पाहता गाठींच्या जंजाळात सापडलेले होते. एका चोचीतला तांबडा दोरा मधली सर्व अक्षरे ओलांडून तसाच दुसऱ्या चोचीला नेलेला, आणि हिरव्या दोऱ्यांची टोके कापावयाची राहून गेलेली.

मावशी जवळच बसली होती. ती हसली. म्हणाली, "अरे, तुझ्या आईनं शाळेत असताना भरलंय ते. परीक्षेला बाई पुढूनच बघायच्या. चौकटीत घालायचं, त्याची पाठ कोण बघतो?" मग तिने आपली ट्रंक उघडून घडीवर घडी विरत चाललेली एक काळी चंद्रकळा बाहेर काढली, तिचा पदर माझ्या मांडीवर पसरला आणि विचारले, "आता सांग, सुलटी बाजू कुठली?" मी पदर दोनदा फिरवून पाहिला. दोन्हीकडे तेच तुळशीवृंदावन, तीच पाने, तीच बारीक रेघ. वीस वर्षे वकिली केलेल्या माणसास साध्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही, याचे तिला फार समाधान वाटले.

आम्हा वकिलांच्या धंद्यात सरतपासणी नेहमीच देखणी असते. साक्षीदार आपल्याच बाजूचा असतो, प्रश्न सरळ असतात, उत्तरे जागच्या जागी पडतात. साक्षीचा खरा कस लागतो तो उलटतपासणीत. १८७२ चा पुराव्याचा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. तथापि उलटतपासणीस पर्याय त्यालाही सापडलेला नाही. भरतकामाची परीक्षाही याच न्यायाने व्हावयास हवी, असे मला त्या दिवसापासून वाटू लागले. हौसेने सुई हाती धरणाऱ्या बायकांस, आणि आता क्वचित पुरुषांसही, आज जे शिक्षण मिळते त्यातून नेमकी हीच तपासणी वगळलेली आहे, ही या लेखातील माझी तक्रार होय.

कसूती ही धारवाड, हुबळी, बेळगाव, विजापूर या टापूची कला. कानडीत 'कै' म्हणजे हात आणि 'सुती' म्हणजे सूत, त्यांवरून हे नाव पडले असे सांगतात. इरकल साडीवर ती मुख्यतः भरली जाते. पदरालगत नक्षी मोठी व दाट असते आणि पदरापासून दूर जावे तसतशी ती लहान व विरळ होत जाते. खणाच्या चोळीवरही ती शोभते. संक्रांतीस नव्या सुनेला काळी चंद्रकळा देण्याची चाल आपल्या वाचकांस परिचित आहेच; धारवाडकडे नवरीच्या वस्त्रांत अशी चंद्रकळा कसूती भरलेली असे. या कलेचे मूळ थेट चालुक्यांच्या काळात नेऊन भिडविण्याची हौस अनेक लेखकांना असते. कापड हा फार दुबळा साक्षीदार आहे, शतकभर टिकला तरी पुष्कळ. मावशीच्या चंद्रकळेस कोणा राजघराण्याच्या दाखल्याची गरज आहे असे मला तरी वाटले नाही.

कसूतीत चार टाके आहेत. गवंती म्हणजे दुहेरी धावदोरा: जाताना एक घर भरावयाचे, एक मोकळे सोडावयाचे, आणि परतताना मोकळी राहिलेली घरे भरून काढावयाची. मुर्गी त्याच रीतीची, मात्र पायऱ्यापायऱ्यांनी नागमोडी चालणारी. नेयगी या नावातच कानडीतला विणण्याचा अर्थ आहे. कमीअधिक लांबीचा धावदोरा ओळीमागून ओळ घालून तो भरतात, आणि तो कापडात विणून काढल्यासारखा दिसतो. मेंथी म्हणजे आपली मेथी, अर्थात फुली. यांपैकी दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या उमटतात त्या गवंती व मुर्गी या दोहोंच्याच. नेयगीच्या पाठीवर पुढची नक्षी उलटी उमटते, जिथे पुढे दोरा तिथे मागे कापड. आणि मेंथीची पाठ निराळीच दिसते. म्हणून सारखेपणाचा आग्रह पहिल्या दोन टाक्यांपुरताच धरला पाहिजे. गाठ मात्र चारांपैकी कोणत्याच टाक्यात मारावयाची नाही. दोऱ्याचे टोक टाक्यांच्या खालीच गुंतवून टाकावयाचे. या हिशेबाने माझ्या आईचे पोपट पहिल्या आरोपातून निर्दोष सुटतात, दुसऱ्यातून नाही.

आणखी एक गोष्ट. कसूतीत कापडावर आधी काहीही रेखाटीत नाहीत. पेन्सिल नाही, छाप नाही. उभ्या-आडव्या धाग्यांची मोजणी हाच तिचा नकाशा. पायथ्याशी एक धागा चुकला की त्याची शिक्षा वर शिखरापाशी भोगावी लागते, कारण वृंदावनाच्या डावी-उजवीकडून चढत आलेल्या दोन रेघा तिथे एकमेकींस भेटत नाहीत. काळ्या कापडावर बारीक धागे मोजणे म्हणजे डोळ्यांचे दिव्यच. मावशी हे काम सकाळच्या उजेडात ओसरीवर बसून करीत असे, दिव्याखाली कधीच नाही.

मी पंचेचाळिसाव्या वर्षी तिच्याकडे शिकावयास बसलो. सुरुवात जाड मॅटीवर, बोथट टोकाच्या सुईने. ही सुई धागा न चिरता दोन धाग्यांच्या मधून जाते. सरळ रेघ दोन दिवसांत जमली. मग तुळशीचे रोप आले आणि घोटाळा सुरू झाला. मधली दांडी, तिला फांद्या, फांद्यांना पाने. जाताना एक सोडून एक घर भरीत दांडीवरून चढावे तर वाटेत पहिली फांदी येते. तिच्यावर आत्ता वळावे की परतताना? आणि वळल्यावर सुई वर असावी की खाली, याचा मेळ कसा राहावयाचा? मावशीचे उत्तर एवढेच होते: "जिथं गेलास तिथून त्याच वाटेनं परत ये. बाकी आपोआप होतं."

ते आपोआप का होते, याचा उलगडा मला एका रात्री कागदावर रेघोट्या मारताना झाला. फांदीवर जाऊन त्याच वाटेने परत यावयाचे म्हणजे जितके टाके जाण्याचे तितकेच येण्याचे. दोहोंची बेरीज केव्हाही समच येणार. सुई एकदा वर, एकदा खाली अशी पाळीने चालते, त्यामुळे सम टाके झाले की पाळी होती तिथेच येते. फांदीवरून उतरल्यावर दांडीचा हिशेब मुळीच बिघडत नाही. शिवाय एकाच घरावरून जाताना आणि येताना यांच्या मध्ये, फांदीला कितीही उपफांद्या असोत, नेहमी सम टाकेच पडतात, म्हणून जाताना जो टाका पुढे पडला तो परतताना अचूक मागे पडतो. नक्षी कितीही गुंतागुंतीची असो, ती एकसंध जोडलेली असली की एकाच दोऱ्याने, कुठेही उडी न मारता, ती दोन्ही बाजूंस सारखी भरता येते. अट एकच: एकही फांदी विसरावयाची नाही. विसरलात तर तिथवर पोहोचावयास मागच्या बाजूने दोरा ओढीत नेण्यावाचून गत्यंतर नाही, आणि तो आडवा दोरा जन्मभर साक्ष देत राहतो. मावशीस मी ही उपपत्ती मोठ्या उत्साहाने समजावून सांगितली. ती म्हणाली, "मी तेच सांगितलं की!"

आता माझ्या तक्रारीकडे वळतो. मोबाइलवरील चित्रफितींतून, हौशी वर्गांतून आणि विकत मिळणाऱ्या तयार संचांतून आज जी कसूती शिकविली जाते, तीत गवंतीच्या जागी पुष्कळदा उलटी टीप शिकवितात. उलटी टीप शिकावयास सोपी. एक पाऊल मागे, दोन पावले पुढे, परतीचा प्रवास नाही, फांद्यांचा हिशेब नाही. पुढून पाहता दोहोंत फरक ओळखू येत नाही, आणि सारा अनर्थ इथेच आहे. पाठीवर मात्र उलट्या टिपेचा दोरा एकावर एक चढून जाड दोरीसारखा पडतो. दोराही अधिक लागतो: दुहेरी धावदोऱ्यात एका घरास पुढे एक व मागे एक असा दोन घरांचा दोरा जातो, उलट्या टिपेत पुढे एक आणि मागे दोन, म्हणजे तीन घरांचा. दीडपट दोरा खर्चून निम्मी नक्षी हाती येते. शिकणारीस मात्र आपण कसूतीच शिकलो असे प्रामाणिकपणे वाटत असते, कारण पाठ उलटून दाखवा असे तिला कोणी म्हटलेलेच नसते.

एका गावी भरलेल्या हस्तकलेच्या प्रदर्शनात मला याचा पुरता प्रत्यय आला. पहिले बक्षीस मिळालेली चादर सुरेखच होती. रथ, अंबारीचा हत्ती, कमळांची ओळ, रंगांची निवडही जाणती. मी आयोजकांस पाठ पाहू का म्हणून विचारले. पाठीवर अस्तर शिवलेले होते. "त्यामुळे फिनिशिंग चांगलं दिसतं," असे मला सांगण्यात आले. परीक्षकांनी अस्तरासकटच निकाल दिला होता. न्यायालयात अशा निकालावर अपील करता येते.

इथे एक प्रामाणिक आक्षेप मी स्वतःच मांडतो. पाठ पाहणार कोण? साडी नेसल्यावर पदराची आतली बाजू तरी किती जणांस दिसते? तर पदर ही साडीची एकच अशी जागा आहे जिची दोन्ही अंगे जगासमोर येतात. तो खांद्यावरून सुटतो, वाऱ्याने उलटतो, कमरेला खोचला की आतली बाजू बाहेर येते. पुढच्या-मागच्या रेघेचा सारखेपणा हा गुणीजनांचा हट्ट नव्हे, वस्त्राची गरज आहे. हीच गोष्ट इंग्लंडात आठव्या हेन्रीच्या दरबारी निराळ्या रीतीने घडली. हान्स होल्बाइन या चित्रकाराने सुमारे १५३६ मध्ये रंगविलेल्या राणी जेन सीमोरच्या चित्रात, जे आज व्हिएन्ना येथे आहे, तिच्या बाह्यांच्या टोकांशी झालरीवर काळ्या रेशमाचे बारीक भरतकाम दिसते. झालर उलटून दोन्ही बाजू दिसतात, म्हणून तेथेही दुहेरी धावदोराच. युरोपात या टाक्यास आज त्या चित्रकाराचेच नाव आहे. बिचाऱ्याने सुई कधी हाती धरल्याचे ऐकिवात नाही. धारवाडच्या आजीबाईंच्या वाट्यास असे नाव आले नाही, पण टाका तोच.

आपल्या देशातील इतर भरतकामे पाहिली तरी पाठीचा विचार कोठे सुटलेला नाही. चंब्याचा रुमाल दोन्ही बाजूंस सारखा भरतात. पंजाबची फुलकारी तर खादीच्या उलट बाजूने धागे मोजूनच भरतात. सुलटी बाजू काम चालू असता भरणारीच्या समोर नसतेच. लखनौच्या चिकनकामातील बखिया मागून भरतात, आणि तलम कापडातून त्याची सावली पुढे पडते तीच त्याची शोभा. पाठ झाकावयाची वस्तू आहे ही कल्पना या कोणत्याच कलेची नाही. ती काचेच्या चौकटीबरोबर आपल्या घरांत शिरली असावी.

कोणी म्हणेल, हौस म्हणून जो दोन घटका सुई चालवितो त्याला हे नियम कशाला? पोट ज्यांचे यावर आहे त्यांनी ते पाळावेत. मला नेमके उलटे वाटते. धारवाडकडे ज्या बायका आज मजुरीने कसूती भरतात, त्यांना नगावर पैसे मिळतात. व्यापाऱ्यास माल लवकर हवा असतो, आणि दुकानात शेजारीच यंत्रावर भरलेली नक्कल कमी भावात पडलेली असते. अशा बाईने काळ्या कापडाऐवजी फिकट कापड घेतले, धागे मोजण्यासाठी वरून जाळीचे कापड टाचून मागाहून त्याचे धागे उपसून काढले, वृंदावनाची चार पाने कमी केली, तर तिला बोल लावण्याचा अधिकार मला नाही. जाळीच्या कापडाविषयी तर माझी तक्रारच नाही. मोजणी तीच राहते, डोळे वाचतात. हौशी माणसाची गोष्ट निराळी. त्याच्यामागे तगादा नाही, त्याला दर नाही, दोन महिन्यांत पदर संपला नाही तर कोणाचे पोट मारले जात नाही. फुरसतीने चुकण्याची आणि चूक उसवण्याची चैन या सबंध व्यवहारात एकट्या त्यालाच परवडते. तीच त्याने टाळली, तर कठीण टाका पुढे नेणार कोण? मजुरीची बाई नेऊ शकत नाही, यंत्र नेणार नाही.

कसूतीस भौगोलिक निर्देशाचे संरक्षण मिळाले आहे, मग काळजी कशाची, असेही एका मित्राने मला विचारले. १९९९ चा तो कायदा १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला, आणि कर्नाटकाच्या हस्तकला विकास महामंडळाने कसूतीची नोंदणी करून घेतली हे खरे. तथापि हा कायदा व्यापारात वापरल्या जाणाऱ्या नावाची राखण करतो. भलत्याच मालावर ते नाव चिकटवून कोणी विकू नये एवढ्यासाठी तो आहे. फोंड्याच्या कोणा सुवासिनीने आपल्या घरी हौसेने वृंदावन भरले तर तिला कोणाची परवानगी नको, हे मी भीती घालणाऱ्यांस मुद्दाम सांगतो. पण त्याचबरोबर तो कायदा कोणाच्या बोटांना परतीची वाट शिकवू शकत नाही. नोंदवहीत नाव शाबूत राहील आणि पदराच्या पाठीवर उलटी टीप पडत राहील, असे होण्यास कायद्याची काहीच आडकाठी नाही.

एक दोष मात्र जुन्यांनाही लागू आहे, आणि तो मावशीसमोर बोलण्याचे धैर्य मला अद्याप झालेले नाही. कसूतीची नक्षी देवळाच्या अंगणात वाढली. गोपुर, रथ, पालखी, दीप, शंख, नंदी, तुळस, हत्ती, मोर, पाळणा. जत्रेच्या दिवशी देवळात गेलेल्या बाईच्या डोळ्यांत जे भरले ते तिने साडीवर उतरविले. म्हणजे पहिल्या भरणारीने पाहून भरले. पुढच्यांनी तिचे पाहून भरले. आजचा हौशी विद्यार्थी तर छापील तक्त्यावरची घरे मोजून भरतो, आणि तक्त्यांतून तीच दहा-बारा चित्रे फिरत राहतात. गोमंतकातील आमचे वाचक ज्या देवळांत जातात तिथे दाक्षिणात्य गोपुर नाही. तिथे अंगणात दीपस्तंभ उभा असतो. मंगेशीचा सात मजल्यांचा दीपस्तंभ मनात आणावा. कसूतीस गोलाई वर्ज्य आहे, तिची मोराची मानसुद्धा पायऱ्यांनीच वळते. म्हणून देवळाचा घुमट तिला अवघड जाईल. पण वर वर निमुळता होत जाणारा, मजल्यामजल्याने चढणारा, प्रत्येक मजल्यावर दिव्यांचे कोनाडे असलेला दीपस्तंभ? सरळ रेघ, पायरी, मधली दांडी आणि दोहो बाजूंस फुटणाऱ्या फांद्या, असे याहून सोयीचे रूप दुसरे कोणते? तक्ता बाजूस ठेवून असा एखादा दीपस्तंभ धागे मोजून कोणी उभा केला, तर ती नक्कल ठरणार नाही, जुन्या भरणारीने जे केले तेच होईल. मी स्वतः कागदावर चार मजले चढविले आहेत. कोनाड्यांची संख्या जमत नाही.

सुईवर मात्र अद्याप वृंदावनच आहे. गेल्या कार्तिकात तुळशीच्या लग्नास पूजेच्या ताटावर घालण्यासाठी एक रुमाल मी भरावयास घेतला होता. आदल्या रात्री अकरा वाजता संपविला आणि सकाळी मोठ्या डौलाने मावशीच्या हाती दिला. तिने तो पुढून पाहिलाच नाही. उलटा केला, डोळे मिटून पाठीवरून बोट फिरविले, आणि उजवीकडच्या तिसऱ्या पानापाशी थांबली. "हा एक टाका जाड लागतोय. इथं उलटी टीप मारलीस ना?" मी गुन्हा कबूल केला, परतताना ते घर राहून गेले होते आणि रात्र फार झाली होती. ताटावर त्या दिवशी जुनाच रुमाल पडला. नवा मी त्या पानापर्यंत उसवून ठेवला आहे.